‘आमच्या वेळी’ म्हणजे नेमकं कधी?

वाचकांचे प्रश्न

जुने फोटो, कॅसेट, शाळेची बॅच, मुलांना शिकवायचे खेळ असं बरंच काही तुम्ही या वेळी विचारलं आहे. आपलं बालपण कोणत्या काळात गेलं आणि त्यातलं हाताशी काय उरलं, हाच यातल्या बहुतेक पत्रांचा विषय आहे. ज्या पत्रांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील, ती इथे घेतली आहेत.

माझा जन्म १९७३ चा, जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलो. मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्ही जेन एक्स.’ माझे साडू माझ्याच वयाचे, पण मुंबईचे. त्यांच्या आणि माझ्या लहानपणाच्या आठवणी अजिबात जुळत नाहीत. मग आम्ही एका पिढीचे कसे?

‘जेन एक्स’ म्हणजे १९६५ ते १९८० या काळात जन्मलेले आणि ‘मिलेनियल’ म्हणजे १९८१ ते १९९६ मधले. ही विभागणी अमेरिकेतली आहे आणि तिच्या सीमा तिथल्या घटनांवरून आखलेल्या आहेत. तुमच्या मुलीचं गणित बरोबर आहे, पण तुमचं बालपण त्यात मावत नाही. आपल्याकडे जन्मसालाइतकंच गावही महत्त्वाचं असतं.

टीव्हीचंच पाहा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला ते दिसू लागलं. रंगीत प्रक्षेपण १९८२ चं. जिल्ह्या-तालुक्यांत टीव्ही पोचला तो मुख्यतः १९८३-८४ पासून, छोटे प्रक्षेपक उभे राहिले तसा. म्हणजे साडूंच्या शहरात टीव्ही त्यांच्या जन्माआधीपासून होता आणि तुमच्या भागात तो आला तेव्हा तुम्ही पाचवी-सहावीत असणार. साडू गिरणगावात वाढले असतील तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप हा त्यांच्या आयुष्यातला मोठा टप्पा ठरतो. तुमच्यासाठी ती पेपरातली बातमी होती.

मुलीला समजावून सांगायचं तर एक कागद घ्या. डावीकडे साल लिहा, शेजारी तुमचं वय आणि उजवीकडे त्या साली घरात किंवा गावात काय आलं ते: वीज, नळ, एसटीची पहिली फेरी, टीव्ही, गॅस, एसटीडी बूथ. गावातली शाळा कितवीपर्यंत होती आणि दुष्काळ-पूर कधी पडले, तेही लिहा. वयाची ६ ते १६ ही वर्षं पुरेशी आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड, विजेचं पहिलं बिल आणि ग्रामपंचायतीचे ठराव यांतून साल पक्कं करता येतं. नुसत्या आठवणीवर विसंबू नका. ‘मी चौथीत होतो तेव्हा’ यात दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो. साडूंनाही असाच कागद करायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कुठे जुळतं आणि कुठे नाही, ते मुलीला आपोआप दिसेल.

घरातल्या जुन्या फोटोंवर कुठेच तारीख नाही. शिवाय आईचा चिकट पानांचा अल्बम पिवळा पडलाय आणि फोटो निघत नाहीत. काय करावं? (मिरज)

आधी अल्बमचं पाहू. फोटो ओढून काढू नका. हेअर ड्रायरची गरम हवाही नको, रंगीत फोटोचा वरचा थर मऊ होऊन सुटू शकतो. प्रत्येक पानाचा, आहे त्या स्थितीत, मोबाइलने फोटो घ्या. फोटोंचा क्रम आणि शेजारी लिहिलेली नावं हीसुद्धा माहितीच आहे. मग वरचा प्लॅस्टिकचा पडदा सावकाश उचला. दातांसाठी वापरतात तो मेण नसलेला धागा, म्हणजे फ्लॉस, फोटोच्या एका कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा मागे-पुढे करत आत सरकवा. अडला की थांबा. जो फोटो निघत नाही तो पानासकटच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर कधीच सोलून काढू नये. काचेसकट स्कॅन करावा.

स्कॅनचं माप असं ठेवा: पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२००. निगेटिव्ह सापडल्या तर त्या आधी करा, २४०० डीपीआयवर. सत्तरच्या दशकातल्या रंगीत छापील प्रती अंधारात ठेवूनही लालसर होतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. निगेटिव्ह अनेकदा त्याहून बऱ्या राहिलेल्या असतात. कृष्णधवल प्रती चांदीच्या, म्हणून बहुधा जास्त टिकतात.

आता तारीख. फोटोतल्या माणसांपेक्षा मागची भिंत आधी बघा. भिंतीवर कालनिर्णय असेल तर फोटो १९७३ किंवा त्यानंतरचा. स्कॅन मोठं करून महिना आणि १ तारखेचा वार वाचता आला तर साल काढता येतं. वार आणि तारीख यांची तीच जोडी साधारण ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत येते, म्हणून दोन-चार सालं शक्यतेत उरतात. त्यांतलं नेमकं कोणतं, हे अमावास्या-पौर्णिमेच्या तारखा सांगतात. ५-६ वर्षांच्या फरकाला त्या पाच-सहा दिवसांनी सरकलेल्या असतात. ११ वर्षांच्या फरकाला मात्र फरक जेमतेम दीड दिवसाचा असतो, आणि घाईत पाहिलं की इथेच फसगत होते.

दुसरी खूण म्हणजे स्कूटरची पाटी. तीन अक्षरं आणि चार आकडे असा नंबर असेल तर ते वाहन १९८९ च्या मध्याच्या आधी नोंदलेलं आहे. ‘एमएच १२’ सारखे क्रमांक त्यानंतरचे. वाहन जुनं आणि फोटो नवा असू शकतो, तेव्हा ही खूण उलट बाजूने वापरा: ‘एमएच’ दिसलं तर फोटो नक्की १९८९ नंतरचा. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, तोही स्कॅन करा. पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. नावं पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला.

वडिलांच्या भजनी मंडळाच्या घरी टेप केलेल्या सहा कॅसेट आहेत, १९८६ च्या सुमाराच्या. आत पांढरट थर दिसतो. यूएसबीचा स्वस्त प्लेअर घेऊन संगणकावर घ्याव्यात का? (रत्नागिरी)

कॅसेट अजून कशातही घालू नका. तो पांढरा थर बुरशीचा आहे, कोकणातल्या दमट हवेत ती धरतेच. अशी कॅसेट चालवली की बुरशी प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, आणि रबरी चाकावर बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते.

पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेवरच्या दोन्ही छोट्या पट्ट्या पेचकसाने मोडून टाका. त्या नसल्या की त्या कॅसेटवर चुकून नवं रेकॉर्डिंग होत नाही. बाजारात गाणी भरूनच मिळणाऱ्या कॅसेटला त्या मुळातच नसायच्या, घरी भरलेल्यांना बहुतेक वेळा असतात, आणि एका चुकीच्या बटणाने भजन पुसलं जाऊ शकतं.

मग कॅसेट उघडी करा. पाच स्क्रू असतील तर सोपं. चिकटवलेली असेल तर जोडावरून पातळ ब्लेड फिरवून उघडावी लागते. मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, दोन्ही रिळांच्या कडांवरची पावडर मऊ कोरड्या ब्रशने झटका. टेपला पाणी लावू नका. हेडसमोरचा पितळी पट्टीवरचा फेल्टचा तुकडा पाहा. त्याचा गोंद वाळून तो पडलेला असतो आणि मग आवाज दबका, मध्येच जाणारा येतो. निकामी कॅसेटमधली तशी पट्टी काढून इथे बसवता येते. कवच वाकलं असेल तर दोन्ही रिळं स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात घाला. टेप तुटलेली असेल तर जोडायला टेप-जोडणीचीच खास पट्टी वापरा. सेलोटेपचा गोंद काही महिन्यांत बाहेर येतो आणि पुढचे वेढे एकमेकांना चिकटवतो. कॅसेट बंद करून एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे ताण सारखा होतो. ९० मिनिटांची टेप ६० मिनिटांच्या टेपपेक्षा पातळ असते, ती जास्त अडकते, तिथे घाई नको.

स्वस्त यूएसबी प्लेअर आम्ही सुचवणार नाही. त्यांची गती स्थिर नसते आणि पेटीचा लांबवलेला सूर थरथरतो. कोणाकडे जुना, चांगल्या कंपनीचा डेक असेल तर तो दुरुस्त करून घ्या. बहुधा रबरी पट्टाच सैल झालेला असतो, त्यामुळे आवाज जड आणि संथ येतो. पट्टा बदलणं हे छोटं काम आहे. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा, प्रत्येक कॅसेटनंतर. रबरी चाक साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसून कोरडं करा.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये वायर घाला, माइकच्या भोकात नाही; तिथे आवाज फाटतो. लॅपटॉपला ‘लाइन इन’ नसेल तर बाहेरून लावायचं छोटं ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. एमपी३ नंतर करा, नातेवाइकांना पाठवायला. मूळ फाइलमधली खरखर काढू नका. ती काढताना टाळांची किणकिणही जाते. साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

वडिलांची पेटी घरात असेल तर एक फार उपयोगी गोष्ट करता येईल. भजन ज्या पट्टीत होतं ती कोणाला आठवत असेल, समजा काळी चार, तर तोच सूर पेटीवर धरून रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे गतीत जवळपास ६ टक्क्यांचा फरक. ऑडॅसिटीत ‘गती’ बदला, नुसती ‘पट्टी’ नको. दोन्ही बरोबर आले की वडिलांचा आवाज होता तसा लागेल. गाणारे, पखवाज आणि टाळ कोणाचे, कोणाच्या घरी, कोणत्या सप्त्यात, हे त्या मंडळातला एक तरी माणूस हयात असेपर्यंत विचारून फाइलबरोबर लिहून ठेवा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. म्हणून आज त्या ओव्यांना माणूस आहे.

मेलबर्नमध्ये राहते. माझ्या वेळच्या चौथीच्या मराठीच्या पुस्तकातल्या कविता मुलांना वाचून दाखवायच्या आहेत. कुठे मिळेल?

बालभारतीच्या संकेतस्थळावर जुन्या पाठ्यपुस्तकांचा संग्रह आहे, आधी तिथे शोधा. शोधताना ‘चौथी’ एवढं पुरत नाही. अभ्यासक्रम बदलला की पुस्तक बदलतं, आणि मधल्या वर्षांत तेच पुस्तक पुनर्मुद्रित होत राहतं. तुम्ही चौथीत असतानाचं साल धरा आणि त्याआधीची सर्वांत जवळची प्रथमावृत्ती उघडा. नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत, मुलांना ते पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त आवडतील. मुलं देवनागरी अडखळत वाचत असतील तर आधी तुम्ही मोठ्याने वाचा. या कविता पाठ होतात त्या ऐकूनच.

सात वर्षांच्या नातवाला भोवरा शिकवतोय. फेकला की आडवा पडतो. सोसायटीत फरशीच आहे. (बेंगळुरू)

तीन गोष्टी तपासा: जाळी, आर आणि जमीन.

जाळी, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायची दोरी, सुती हवी, २ ते ३ मिलिमीटर जाड. नायलॉनची दोरी लाकडावरून घसरते आणि भोवऱ्याला पीळ मिळत नाही. पाच सेंटिमीटर व्यासाच्या भोवऱ्याला १२-१४ वेढे बसतात, म्हणजे सव्वा ते दीड मीटर लांबी झाली. दोरी किंचित ओली करा, आरेपाशी घट्ट सुरुवात करा आणि वेढ्याला वेढा चिकटवत वर या. एकावर एक वेढा चढला की सुटताना दोरी अडकते आणि भोवरा आडवा जातो. तुमच्या बाबतीत बहुधा हेच होतंय, लहान मुलांच्या बोटांना तो ताण धरता येत नाही. पहिले काही दिवस जाळी तुम्ही गुंडाळून द्या, फेकू दे त्याला. दुसऱ्या टोकाला गाठ मारून ती करंगळी आणि अनामिका यांच्यात धरायची.

आर म्हणजे खालचा खिळा. तो ८-१० मिलिमीटर बाहेर असावा आणि बरोबर मध्ये. वाकडा असेल तर भोवरा घरघरतो आणि एका जागी उभा राहत नाही. लांब असेल तर लवकर कलंडतो.

फेकताना हात खाली नाही, पुढे जातो, आणि भोवरा जमिनीला टेकायच्या आत हात झटक्याने मागे येतो. झटका उशिरा दिला तर दोरी पूर्ण सुटत नाही. गुळगुळीत फरशीवर आर घसरते आणि फरशीवर ओरखडेही पडतात. अडीच-तीन फुटांचा प्लायवुडचा तुकडा किंवा गच्चीचा कोबा चालेल. हातजाळी, म्हणजे भोवरा हवेतच तळहातावर झेलणं, जमिनीवर दहापैकी आठ वेळा उभा राहायला लागल्यावरच. गुच्चे मारायचा खेळ या वयात नको. खिळा दुसऱ्याच्या पायावर बसतो. सावंतवाडीचे लाखेच्या रंगातले भोवरे देखणे असतात, पण त्यांतले काही बोटांनी फिरवायचे असतात, जाळीचे नव्हेत. घेताना विचारून घ्या.

आजोबांचा वाल्व्हचा रेडिओ माळ्यावर सापडला. प्लग लावून बघू का? (नाशिक)

थेट लावू नका. इतकी वर्षं बंद राहिलेल्या सेटमधले कंडेन्सर खराब झालेले असतात. एकदम २३० व्होल्ट दिले की ते शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. तो परत मिळवणं अवघड. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो: रेडिओच्या वाटेत ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. बल्ब पूर्ण पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. काही सेटना ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि त्यांच्या सांगाड्यात वीज उतरलेली असते, म्हणून मागचा पुठ्ठा काढून बोट घालू नका. दुरुस्तीनंतर मीडियम वेव्ह रात्री ऐका आणि खोलीतले एलईडी दिवे बंद ठेवा, गुरगुर कमी होते. माळ्यावर रेडिओ परवान्याचं पुस्तकही शोधा. तेव्हा रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. त्यावरच्या शिक्क्यांवरून आजोबांनी सेट कधी घेतला ते कळेल.

आमची १९९० ची दहावी. औसा तालुक्यातली शाळा. मेळावा घ्यायचा ठरतोय. व्हॉट्सॲपवर ४१ जण जमलेत. कसं करावं?

ते ४१ कोण आहेत, हे आधी बघा. बहुतेक मेळाव्यांत दहावी पास झालेले, बरी नोकरी-धंदा असलेले आणि पुरुष यांचीच यादी होते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवरून तुमच्या पाचवीच्या वर्गाची यादी मागा, दहावीची नाही. आठवीत शाळा सुटलेला, ऊसतोडीला गेलेला, नववीत लग्न झालेली, ही सगळी तुमच्याच बॅचची आहेत आणि त्यांना आपणहून कोणी बोलावत नाही. मुलींना माहेरच्या नावाने शोधा, भावाकडून किंवा वहिनीकडून. सासरच्या नावाने शोधत बसलात तर निम्म्या सापडणार नाहीत. नंबर मिळाला तरी विचारल्याशिवाय गटात घालू नका.

तुमच्या भागात आणखी एक अडचण येईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अनेक गावं नव्या जागी वसली, त्यामुळे रजिस्टरमधला पत्ता आज चालत नाही. जुन्या गावाचं नाव घेऊन नव्या गावात विचारा. गेलेल्यांची नावं श्रद्धांजलीत वाचणार असाल तर प्रत्येक नाव घरच्यांकडून खात्री करून, त्यांना सांगून घ्या. ऐकीव माहितीवर एकही नाव वाचू नका.

तारीख भाऊबीजेनंतरच्या दोन-तीन दिवसांतली धरा, बहिणी माहेरी आलेल्या असतात. तीन महिने आधी ठरवा. वर्गणीचा एक आकडा जाहीर केला की ज्यांना तो झेपत नाही ते ‘काम आहे’ म्हणतात आणि येत नाहीत. जेवणाचा खर्च चार-पाच जणांनी आधीच उचलावा आणि बाकीच्यांसाठी बंद पाकिटाची पेटी ठेवावी.

दिवसभरात भाषणं मिळून २० मिनिटांच्या वर नकोत. त्यापेक्षा जुन्या हजेरीपटाची झेरॉक्स घ्या आणि वर्गशिक्षकांना त्याच क्रमाने, त्याच नावांनी हजेरी घ्यायला सांगा. सर थकले असतील तर त्यांच्या घरून आणण्या-सोडण्याची गाडी आणि सोबतीला एकजण आधीच ठरवा. सत्काराच्या शाली कमी करा. खुर्च्या सावलीत आणि गोलात मांडा.

शाळेला भेट द्यायची तर काय हवं ते मुख्याध्यापकांना विचारूनच ठरवा. पाण्याचं यंत्र देणार असाल तर पुढच्या तीन वर्षांच्या फिल्टरचे पैसे त्याच दिवशी शाळेकडे जमा करा, पावती घ्या आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर यंत्रावरच चिकटवा. असं न केलेली यंत्रं दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडलेली असतात.